१९२७चे दोन पूर आणि मदतीच्या याद्या

१९२७ साली जगाच्या दोन टोकांना चार महिन्यांच्या आत दोन मोठे पूर आले. २१ एप्रिलला अमेरिकेत ग्रीनव्हिल शहराच्या वरच्या अंगाला, माउंड्स लँडिंग इथे मिसिसिपी नदीचा मातीचा बांध फुटला आणि कापसाचा सगळा सखल मुलूख पाण्याखाली गेला. जुलैच्या अखेरीस गुजरातवर आठवडाभर पाऊस कोसळत राहिला. अहमदाबाद, वडोदरा आणि सर्वांत जास्त खेडा जिल्हा पाण्यात सापडला; मातीच्या भिंतींची हजारो घरे बसली आणि नुकतीच केलेली पेरणी वाहून गेली. तिकडे मदतीची सूत्रे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे आली, इकडे अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष आणि गुजरात प्रांतिक काँग्रेसचे पुढारी वल्लभभाई पटेल यांच्याकडे. पुढच्याच वर्षी हूव्हर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले आणि वल्लभभाई बारडोलीच्या सत्याग्रहातून ‘सरदार’ होऊन बाहेर पडले. दोघांच्याही चरित्रांत हा पूर पायरीसारखा येतो आणि दोन्हीकडे श्रेय जाते ते नेत्याच्या संघटनकौशल्याला. ते कौशल्य खरेच होते. पण पूरग्रस्ताच्या वाट्याला काय आले हे त्या कौशल्याने फारसे ठरले नाही. मदत घेणाऱ्याचे नाव यादीत कोण लिहितो आणि कशाच्या आधारावर लिहितो, यावर ते ठरले. हे दोन पूर शेजारी ठेवून पाहिले की ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी एकेकटा पूर पाहून दिसत नाही.

हूव्हर यांची यंत्रणा आजही थक्क करणारी आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये अन्न पोचवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्यांना विशेष समितीचे प्रमुख नेमले आणि मेम्फिसला मुख्यालय उघडले गेले. रेल्वे, तटरक्षक दल, लष्कर, खासगी बोटींचे मालक आणि रेडक्रॉस ही सगळी मंडळी एका सूत्रात आणली गेली. हूव्हर रेडिओवरून देशाला मदतीचे आवाहन करीत आणि बातमीदारांना सतत हाताशी ठेवीत. सरकारी तिजोरीतून पूरग्रस्तांना थेट अनुदान द्यायला कूलिज राजी नव्हते, त्यामुळे सारा भार रेडक्रॉसने गोळा केलेल्या सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरांवर होता. तेवढ्यावर १५४ छावण्या उभ्या राहिल्या. सव्वातीन लाख माणसे त्यांत राहिली आणि जवळपास तितक्याच लोकांना छावण्यांबाहेर शिधा मिळाला. वाहतूक, साठा आणि संपर्क या तिन्ही बाबतींत इतके नीट बसलेले पूरमदतीचे काम त्याआधी क्वचितच झाले असेल.

पण यंत्रणेचा शेवटचा टप्पा हूव्हर यांनी स्थानिक समित्यांवर सोडला होता, आणि कापसाच्या पट्ट्यात स्थानिक समिती म्हणजे गोरे मळेवाले. ग्रीनव्हिलमध्ये हजारो कृष्णवर्णीय माणसे बांधाच्या अरुंद माथ्यावर अडकली होती. त्यांना हलवायला आगबोटी आल्या, पण मजूर एकदा गेला तर परत यायचा नाही या भीतीने मळेवाल्यांनी दबाव आणला. मदत समितीचे प्रमुख विल पर्सी यांचा आधीचा विचार सर्वांना हलवण्याचा होता. त्यांचे वडील, माजी सिनेटर लरॉय पर्सी, यांच्यासह बड्या मंडळींपुढे तो टिकला नाही. बोटींतून गोरी कुटुंबे गेली, काळे मजूर बांधावर राहिले. पुढे बांधावरच्या छावणीत मजुराच्या अंगावर चिठ्ठी लटकवली जाई, बाहेर पडायला पास लागे आणि पहाऱ्याला नॅशनल गार्डचे बंदूकधारी असत. पाणी ओसरल्यावरही बी-बियाणे, शिधा आणि भांडीकुंडी बऱ्याच ठिकाणी मजुराच्या हाती पडली नाहीत. ती मळेवाल्याकडे गेली आणि त्याच्या मर्जीने वाटली गेली. काहींनी ती मजुराच्या खात्यावर कर्ज म्हणून मांडली. आपल्याकडच्या सावकारी खतावण्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे वेगळे सांगायला नको. तक्रारींचा बोभाटा झाल्यावर हूव्हर यांनी टस्कीगी संस्थेचे रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णवर्णीयांची सल्लागार समिती नेमली. तिने पाहिलेले बरेच काही दाखवून दिले. त्यातल्या थोड्या गोष्टी सुधारल्या, जास्त कडक भाग मात्र लोकांपुढे आला नाही.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. पाणी गळ्याशी आलेले असताना नवी यंत्रणा उभारायला वेळ कुठे असतो? ज्याच्याकडे बैलगाड्या, गुदामे, माणसे आणि शब्दाला वजन आहे त्यालाच हाताशी धरावे लागते. तो सज्जन आहे की दुर्जन याची चौकशी नंतर. पहिल्या काही दिवसांपुरते हे मान्य करावे लागते. पण ग्रीनव्हिलची चिठ्ठी आणि पास या काही पहिल्या दिवसांच्या गोष्टी नव्हत्या. जीव वाचवण्याचे काम संपून माणसे मोजण्याचे काम सुरू झाले तेव्हा त्या आल्या. घाईत हाताशी धरलेला माणूस घाई सरल्यावर बाजूला होत नाही, उलट त्याच्या हातातली यादी त्याचा नवा अधिकार बनते. तो हात कधी आणि कसा बदलायचा याचा विचार मेम्फिसच्या मुख्यालयात झालाच नाही. समन्वयाचे अपयश होते ते इथे.

गुजरातेत परिस्थिती वेगळी होती, आणि आधी सरकारी बाजू पाहिली पाहिजे. मुंबई इलाख्याचे मदतीचे सारे शास्त्र दुष्काळावर घडले होते. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर आलेल्या नियमांत खडी फोडण्याची कामे, सारा तहकुबी, तगाई, पिकाची आणेवारी हे सगळे होते. पण दुष्काळ महिनोन्महिने चढत जातो आणि गावकामगार पाटलापासून मामलेदारामार्फत कलेक्टरपर्यंत अहवाल पोचायला सवड देतो. पूर ती सवड देत नाही. रूळ आणि रस्ते वाहून गेल्यावर अहवाल चढायलाच तयार नव्हता. त्या पोकळीत काँग्रेसची माणसे शिरली ती केवळ उत्साहाने नव्हे. १९१८चा खेडा सत्याग्रह आणि १९२३-२४चा बोरसदचा लढा या दोन्हींत याच कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून कोणाकडे किती सारा थकला आहे आणि कोणाची जप्ती झाली आहे, हे पाठ केले होते. रविशंकर व्यास मही नदीच्या काठच्या बारैया आणि पाटणवाडिया जमातींच्या वस्त्यांत वर्षानुवर्षे पायी हिंडत होते. या वस्त्यांना सरकारी दप्तरात गुन्हेगार म्हणून जागा होती, पूरग्रस्त म्हणून नव्हती. गांधीजी मार्चमध्ये कोल्हापूर-निपाणीच्या दौऱ्यात आजारी पडल्यापासून दक्षिणेत विश्रांतीला होते आणि या कामात आलेच नाहीत. त्यांच्यावाचूनही काम अडले नाही, याचे कारण ते आधीच गावपातळीवर मुरलेले होते. वल्लभभाईंनी सरकारशी असहकाराची भाषा बाजूला ठेवून दुष्काळ निवारण निधीतून सुमारे १ कोटी रुपये मिळवले. पैसा सरकारचा आणि गावची ओळख कार्यकर्त्यांची, अशी ती वाटणी होती. ज्या सरकारशी चार वर्षांपूर्वी बोरसदला भांडण झाले होते त्याच सरकारबरोबर हे काम झाले, आणि बारडोलीत पुढच्याच वर्षी पुन्हा भांडण पेटले.

हे चित्र रंगवताना हात आखडता घेतला पाहिजे. खेडा जिल्ह्यातली काँग्रेस म्हणजे बऱ्याच अंशी पाटीदार शेतकऱ्यांची काँग्रेस, आणि जमीनदार शेतकऱ्याचे घर जितके पटकन डोळ्यांत भरते तितके गावकुसाबाहेरचे भरत नाही. कार्यकर्ता गावाला ओळखतो म्हणजे गावाचे पूर्वग्रहही ओळखतो, कधी ते त्याचे स्वतःचे असतात. मग मिसिसिपीचा मळेवाला आणि खेडा जिल्ह्याचा पाटीदार यांत फरक काय? माझ्या मते फरक सद्गुणांचा नाही, एकाधिकाराचा आहे. ग्रीनव्हिलमध्ये मजुराचा मालक, त्याचा सावकार, त्याच्या मदतीचे वाटप करणारा आणि त्याच्या छावणीचा दारवान हे एकाच गटातले होते. त्याला दुसरीकडे दाद मागायची सोय नव्हती. खेडा जिल्ह्यात सरकारी कचेरी, काँग्रेस समिती आणि सेवाभावी संस्थांची माणसे एकमेकांवर डोळा ठेवून होती. ठक्करबाप्पांसारखी माणसे तर अंत्यज आणि भिल्ल वस्त्यांपासूनच सुरुवात करणारी. ते सांगली संस्थानात इंजिनियर असताना महर्षी कर्व्यांच्या परिचयात आले आणि १९१४ साली मुंबई नगरपालिकेची नोकरी सोडून गोखल्यांच्या पुण्याच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. त्यांचा हिशेब पाटीदारांच्या हिशेबाहून वेगळा होता. एकाच्या यादीतून सुटलेले नाव दुसऱ्याच्या यादीत सापडण्याची शक्यता होती. एका मुख्यालयाखाली सगळे आणणे हाच समन्वय, असे मानणाऱ्यांना हा घोळ वाटेल. मला तो त्या कामाचा सर्वांत मजबूत भाग वाटतो.

यादी कोणी आणि कशाच्या आधारावर लिहायची, हा जुना वाद महाराष्ट्रात संपलेला नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात कोल्हापूर आणि सांगलीत बोटी, जवान, बिस्किटांचे ट्रक आणि जुन्या कपड्यांचे ढीग यांची ददात नव्हती. मदत मात्र घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याच्या अटीवर अडली आणि त्या अटीवर गदारोळ झाला. पाणी दीड दिवस घरात राहिले तर भिंत कमी भिजते असे नाही. पण यादीला कुठेतरी रेघ लागते आणि ती मारणाऱ्याने घर पाहिलेले असतेच असे नाही. त्याहून अवघड प्रश्न शेतीचा आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात, तो प्रामाणिकपणे केला तरी भरपाई जाते सातबाऱ्यावरच्या नावाला. खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणारा माणूस त्या उताऱ्यावर नसतो. कुळकायद्याच्या धास्तीने मालक त्याचे नाव पीकपाहणीत लागू देत नाही आणि व्यवहार तोंडीच राहतो. बी त्याचे, खत त्याचे, उधारी त्याची आणि बुडालेला ऊस किंवा सोयाबीनही त्याचेच. रक्कम मात्र मालकाच्या खात्यात जमा होते आणि तिथून पुढे सरकते ती मालकाला वाटले तर. ग्रीनव्हिलच्या मळेवाल्याला चिठ्ठी, पास आणि पहारा लागला होता. इथे त्यांतले काहीच लागत नाही, म्हणून या व्यवस्थेविरुद्ध तक्रारसुद्धा नोंदवली जात नाही.