कडी लावलेलं दार

आमचा मळा दोंडाईच्यापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर होता. दोन खोल्यांचं धाब्याचं घर, पुढे ओसरी, बाजूला विहीर आणि एक जुना निंब. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर सालदाराची खोपी. त्याच्यापलीकडे नुसती शेतं. मिरचीचा तोडा सुरू झाला की आम्ही गावातलं घर बंद करून मळ्यात मुक्कामाला जात असू. टीव्ही मात्र गावात, काकांकडे. लाकडी शटरचा, काळा-पांढरा. वारा सुटला की अँटेना फिरायची आणि चित्रात मुंग्या यायच्या. मग कुणीतरी धाब्यावर चढायचं, आणि खालून सगळे एकदम ओरडायचे, ‘आलं, आलं, गेलं!’

1988-89 चा हिवाळा असावा. त्या संध्याकाळी काकांकडे दूरदर्शनवर एक रहस्यमय गोष्ट पाहिली. तिचं नाव आज आठवत नाही, शेवटही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एकटं घर आहे, रात्र आहे, दार वाजतं आणि घरातली बाई उठून दार उघडते. मुंग्यांमुळे बाहेर कोण उभं आहे ते आम्हाला दिसलंच नाही. बैलगाडीतून मळ्याकडे परतताना मी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून बसलो होतो.

त्याच रात्री आमचं दार वाजलं. बाबा मिरचीच्या हिशेबासाठी गावातच थांबलेले. घरात आई, आजी, धाकटी बहीण आणि नऊ वर्षांचा मी. आईने विचारलं, ‘कोन शे?’ बाहेरून बाईचा आवाज आला, ‘मी शे माय, दार उघड.’ आवाज सालदाराच्या बायकोचा होता. रोज ऐकलेला. तरी मी आईचा पदर धरला आणि म्हणालो, ‘उघडू नको, टीव्हीत असंच होतं.’ आई थांबली. आजीनेही हाताने खूण केली, थांब. बाहेर ती दार वाजवत राहिली. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. मग लेकरू रडल्याचा आवाज आला आणि आईने कडी काढली. तिच्या तीन वर्षांच्या मुलाला विंचू चावला होता. नवरा दुसऱ्या शेतात रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला गेलेला. आई कंदील घेऊन शेजारच्या मळ्यापर्यंत पळाली, तिथल्या मोटारसायकलवरून मुलाला दोंडाईच्याला नेलं.

मूल वाचलं. त्या पाच-दहा मिनिटांबद्दल ती बाई कधी काही बोलली नाही. आम्हीही नाही.

*

पुढे सिनेमाबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं, की त्या संध्याकाळी आम्ही जे पाहिलं त्याचं एक मोठं खानदान आहे. अमेरिकेत एबीसी या वाहिनीने 1969 साली ‘मूव्ही ऑफ द वीक’ नावाने खास टीव्हीसाठी बनवलेले चित्रपट दाखवायला सुरुवात केली. दीड तासाचा वेळ, त्यातल्या जाहिराती वगळल्या की चित्रपट उरायचा सव्वा तासाचा. 1975 पर्यंत हा रतीब चालला. स्टीव्हन स्पिलबर्गचा ‘ड्युएल’ त्यातलाच, नोव्हेंबर 1971 मधला. तो रस्त्यावर घडतो. पण त्याच्या अनेक भावंडांनी घर धरलं. ‘डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क’ (1973) मध्ये एक जोडपं वारशाने मिळालेल्या जुन्या घरात राहायला येतं. तिथे काहीतरी आहे हे बायकोला कळतं आणि नवरा ते ऐकून घेत नाही. ‘बॅड रोनाल्ड’ (1974) मध्ये नव्या कुटुंबाला ठाऊकच नसतं, की त्यांच्या भिंतीआडच्या चोरखोलीत एक मुलगा लपलाय आणि भोकांतून त्यांना पाहतोय. ‘होम फॉर द हॉलिडेज’ (1972) मध्ये वादळी पावसात चार बहिणी बापाच्या घरी जमतात. संशय सावत्र आईवर असतो.

एवढी घरंच का? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. पैसा थोडा, दिवस थोडे. एक घर, पाच-सहा नट, एक रात्र यात काम भागतं. वादळ आणलं की बाहेरचं चित्रण वाचतं, टेलिफोनची तार कापली की मदतीला येणारी पात्रं वाचतात. दुसरं कारण प्रेक्षकाच्या जागेचं. थिएटरात माणूस घराबाहेर, गर्दीत बसून घाबरतो. टीव्हीसमोर तो आपल्याच घरात बसलेला असतो, पाठीमागे त्याचंच दार असतं. पडद्यावरची खिडकी वाजली की तो आधी स्वतःच्या खिडकीकडे पाहतो. भुताला तिकीट काढून भेटायला जाणं वेगळं आणि ते घरी येणं वेगळं.

*

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. स्टुडिओत उभी केलेली घरं, नाटकातून आलेले नट आणि बेताचा पैसा, म्हणजे एका घरातल्या गोष्टीला लागणारं सगळं सामान तिथे होतंच. मराठी प्रेक्षकालाही ही गोष्ट नवखी नव्हती. त्याने रहस्यनाटकं पाहिली होती, बाबूराव अर्नाळकर वाचले होते. 1969 चा हिंदी ‘इत्तेफाक’, एका रात्रीत, बव्हंशी एका घरात घडणारा, गाण्यांशिवायचा, हाही नाटकातूनच आलेला. 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ने वाडा आणि बाईच्या मनातली भीती यांची मराठी गाठ घट्ट बांधून ठेवली होती.

पण मराठी घराला खरी कडी लागली ती कुठल्याही मालिकेमुळे नाही. 1976 च्या जानेवारीपासून 1977 च्या मार्चपर्यंत पुण्यात दहा खून झाले. 31 ऑक्टोबर 1976 ला जोशी कुटुंबातले तिघं आणि 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात अभ्यंकर कुटुंबातले चौघं आणि त्यांची मोलकरीण असे पाच जण, त्यात संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर. दोन्ही ठिकाणी मारेकरी घरात शिरले आणि घरच्यांना घरातच मारलं. त्या हिवाळ्यात पुण्यात अंधार पडला की रस्ते ओस पडत, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. भीती वर्तमानपत्रांतून आमच्या खानदेशापर्यंत पोचली. पुण्याला भाऊ-बहीण असलेल्या प्रत्येक घरात पोचली.

या प्रकरणातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पकडले गेले ते शहरातलेच तरुण, चित्रकला शिकणारे विद्यार्थी. पहिला बळी तर त्यांच्याच ओळखीतला मुलगा. दाढी वाढवलेला, फाटक्या कपड्यांतला, रानातून आलेला कुणी अनोळखी माणूस त्या गोष्टीत नव्हताच. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. 1986 मध्ये यावर ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला, नाना पाटेकरांचा. पण लोकांच्या मनात जी शिकवण उरली ती ‘ओळखीच्यापासून सावध’ अशी नव्हती. उरली ती ‘अनोळखी माणसाला दार उघडू नका’ एवढीच.

दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ने ही भीती पोलिसांच्या हाती सोपवली. नावच पोलिसांच्या टेलिफोन नंबरचं. दिग्दर्शक बी. पी. सिंह आणि पोलिसांच्या भूमिकेतले शिवाजी साटम ही जोडी पुढे 1998 पासून ‘सीआयडी’मुळे देशभर माहीत झाली. त्या मालिकेचं मोठं समाधान हे होतं, की शंभर नंबर फिरवला की कुणीतरी येतं. आम्ही मळ्यात ती मालिका आठवायचो तेव्हा एकच अडचण होती. आमच्याकडे टेलिफोन नव्हता.

*

2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही सुरू झाला, मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी. दुसऱ्या वर्षी रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ आला, 1995 ला सोनीवर ‘आहट’. तीही बी. पी. सिंह यांचीच. केबलवाला दोंडाईच्यात आला आणि भीतीचा बंगला महाबळेश्वर-खंडाळ्याकडच्या धुक्यात गेला. आमच्याकडे धुकं कुठलं? उन्हाने तडकलेली काळी जमीन, मिरचीच्या पथाऱ्यांवरून येणारा ठसका आणि सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीची शिट्टी. तरी आम्ही घाबरत होतो.

मराठीत ही भीती घराच्या आत वळली ती लेखकांमुळे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची ‘गहिरे पाणी’ पाहताना धोका दाराबाहेर नसायचा. तो माजघरात बसलेला असायचा, कधी आईच्या रूपात, कधी लहान मुलाच्या. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली. त्याच कादंबरीवर 1979 मध्ये अमेरिकेत दोन भागांचा टीव्हीपट झाला होता. म्हणजे तिकडच्या घरांत जी गोष्ट टीव्हीतून शिरली, ती आमच्याकडे वाचनालयाच्या पुठ्ठा बांधलेल्या पुस्तकातून आली. आणि 2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ने नाईकांचा वाडा घराघरांत पोचवला. कोकणातला एकांडा वाडा, रात्र, आणि घाबरवणारं जे काही आहे ते नात्यातलं, जमिनीच्या वाट्यातलं, लपवून ठेवलेलं. या धाटणीच्या गोष्टींत मराठीने घातलेली खरी भर ही, असं मला वाटतं. घराला धोका घराचाच.

*

पण या सगळ्या गोष्टींत घर कुणाचं असतं? ज्याला गमवायला काही आहे त्याचं. बंगला, वाडा, निदान तिजोरी. कॅमेरा आत असतो, दार वाजवणारा बाहेर.

खानदेशात गावापासून सगळ्यात लांब, सगळ्यात एकटं राहणारं कुटुंब कुणाचं? मळेवाल्याचं नाही, तो सुगी संपली की गावात येतो. बारा महिने शेतात राहतो तो सालदार. आखाजीला साल ठरतं, उचल घेतली जाते आणि कुटुंब खोपीत येतं. पुष्कळदा ते भिल्ल कुटुंब असतं. त्या खोपीला कडी नसते, कधी दारही नसतं, साप-विंचू खालून येतात. त्यांच्या रात्रीवर मी अजून एकही मालिका पाहिलेली नाही.

उलट याच माणसांना गोष्टीतल्या दाराबाहेर उभं करण्याची आपली सवय जुनी आहे. 1818 नंतर खानदेशात इंग्रजांचा अंमल आला, तेव्हा भिल्लांची नोंद दफ्तरात उपद्रवी म्हणून झाली. 1825 मध्ये आउट्रामने त्यांचीच पलटण उभारली, त्यांच्याच माणसांना आवरायला. 1871 च्या कायद्याने देशातल्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो डाग कागदावरून पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 ला. मनातून पुसायला मात्र कुणी तारीख दिली नाही. दरोडे पडत नसत असं मी म्हणत नाही. मळ्यांवर दरोडे पडत, आजी पायांतले तोडे धान्याच्या कोठीत लपवून झोपायची ते उगाच नाही. पण दरोडा म्हटलं की आम्हा मुलांच्या डोळ्यांसमोर जो चेहरा यायचा, तो आम्ही कधी पाहिलेल्या दरोडेखोराचा नव्हता. तो आम्हाला वारशाने मिळालेला होता.

1 जुलै 2018 रोजी आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती भिक्षेकरी माणसं होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे निरोप व्हॉट्सॲपवर आठवडाभर फिरत होते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याचे व्हिडिओ संध्याकाळपर्यंत फोनवर आले. दोंडाईच्यातही आले. कुणीतरी मलाही पाठवला.

टीव्हीमुळे राईनपाडा घडलं असं म्हणणं खोटं होईल. जमावाला मालिका लागत नाही. ते निरोप पाहिले तेव्हा मात्र मला त्यांची बांधणी ओळखीची वाटली. भोळं कुटुंब, खेळणारं लेकरू, अनोळखी माणूस, उशिरा कळलेला धोका. शेवट तेवढा प्रेक्षकांनी स्वतः करायचा. दूरदर्शनच्या गोष्टीत शेवटी पोलीस यायचे, चुकीच्या माणसावरचा संशय फिटायचा. व्हॉट्सॲपच्या गोष्टीत तो शेवटचा भागच नाही.

मला अस्वस्थ करतं ते आणखी एक. आजीच्या काळात गोसावी दारावर येत. वासुदेव येई, नंदीबैलवाला येई, बहुरूपी तर पोलिसाचं सोंग घेऊन घाबरवायलाच येई आणि आपण हसून पायलीभर दाणे देत असू. कोण कधी येणार याचं गणित सुगीशी बांधलेलं होतं. दार वाजलं की आजी आधी सूप उचलायची. अनोळखी माणूस म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बारकाईने माहीत होतं. आणि तरी त्या रात्री, ओळखीच्या आवाजाला, तिनेही हाताने खूण केलीच. थांब.

*

मळ्यातलं घर आता पडलंय. निंब आहे. आई गावात, नव्या कॉलनीत राहते. दारावर कॅमेरा आहे आणि बाहेर कोण आहे ते मला पुण्यात बसून फोनवर दिसतं. मागच्या आखाजीला घरी होतो तेव्हा दुपारी बेल वाजली. फोनच्या पडद्यावर डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी उभी होती. मी ओळखलं नाही. आईने पडदा पाहिलाच नाही, ती आतूनच म्हणाली, ‘कोन शे?’

‘मी शे माय.’

आईने दार उघडलं. विंचू चावलेला तो मुलगा आता सुरतेला कामाला आहे, त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ती आली होती. दोघी ओसरीवर बराच वेळ बसल्या. त्या रात्रीबद्दल कुणी बोललं नाही. मला बोलायचं होतं. मी पाणी आणून दिलं आणि तिथेच उभा राहिलो.