चित्र उमटले, पण टिकेना

कौलाच्या वाकड्यातिकड्या फटीतून पडणारा कवडसा गोल का असतो? कारण तो गोल म्हणजे सूर्याचेच चित्र! ग्रहणात तो कोरीसारखा दिसतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब पंडिताने याचाच अभ्यास केला होता.

चित्र पडे खरे. पण ते धरून कसे ठेवायचे? इंग्लंडात टॉमस वेजवुडने सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर पानांच्या आकृत्या उमटवल्या. १८०२ साली हम्फ्री डेव्हीने ती हकीकत छापली. पण उजेडात नेताच सगळा कागद काळा पडे! पाण्याने धुऊनही उपयोग होईना. बिचारा वेजवुड १८०५ साली वारला. पुढे १८१९ साली जॉन हर्शेलला आढळले की चांदीचे क्षार हायपोत विरघळतात. आणि १८३९ साली त्याच हायपोने त्याने चित्र पक्के केले.

गुरुजींनी हा इतिहास वर्गातच घडवावा. पत्र्याचा डबा आतून काळा करावा. एका बाजूस सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडून त्यावर काळी पट्टी लावावी. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, छिद्रासमोर फोटोचा कागद बसवावा. डबा उन्हात स्थिर ठेवून पट्टी एक-दोन मिनिटे काढावी. मग पुन्हा लाल दिव्याखाली कागद चिमट्याने धरून आधी डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग हायपोत बुडवावा आणि भरपूर धुवावा. चित्र उलटे, काळ्याचे पांढरे असे येईल.

एक कागद मात्र मुद्दाम हायपोशिवाय उन्हात न्यावा. तो काळवंडताना पाहिला, की वेजवुडचे दुःख मुलांना न सांगता कळेल.