मूत्राशयातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते
लघवीतून रक्त गेल्यास कर्करोगाची शंका तपासून पाहणे आवश्यकच असते. मात्र दुर्बिणीतून मूत्राशयात दिसणारी गाठ क्वचित प्रोस्टेट ग्रंथीच्या निरुपद्रवी ऊतीचीही असू शकते.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असणारी ग्रंथी आहे. तिच्या ऊती मूळ जागेऐवजी मूत्राशयात, विशेषतः त्याच्या तळाच्या त्रिकोणी भागात आढळल्यास त्यांना स्थानभ्रष्ट ऊती म्हणतात. गर्भावस्थेत अवयव घडताना काही पेशी तेथेच राहून गेल्या असाव्यात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

लघवीत रक्त येणे, वारंवार लघवी लागणे, धार अडखळणे ही तिची लक्षणे आहेत. काहींना कोणताच त्रास होत नाही. केवळ पाहून निदान करता येत नसल्याने गाठ मूत्रमार्गातून दुर्बिणीद्वारे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पेशींत ‘पीएसए’ हे प्रथिन आढळल्यास ऊती प्रोस्टेटची असल्याचे कळते. परंतु प्रोस्टेटचा कर्करोग मूत्राशयात पसरला असतानाही हे प्रथिन दिसते. म्हणून ऊतीतील सूक्ष्म ग्रंथींभोवतीचा तळपेशींचा थर शाबूत आहे का, हेही पाहिले जाते. तो शाबूत असणे हे निरुपद्रवी ऊतीचे लक्षण होय.

पूर्ण काढलेली अशी गाठ सहसा पुन्हा उद्भवत नाही. तरीही लघवीत एकदाच रक्त दिसले, तरी त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.