बराकीतला वैद्य आधी भूक विचारतो

पावसाने चिखल झालाय. पुढे गजानन मार्केट भरणार आहे त्या कॅम्प २ मध्ये तुमच्यासमोर युद्धकाळातल्या लष्करी बराकींच्या रांगा आहेत. साल १९४९. ८ ऑगस्टला राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली कुटुंबं गोणपाटाचे आडोसे लावून राहतायत. वजन उतरवायचं औषध इथे कोण मागणार? फाळणीने ते आधीच उतरवलंय.

तरी ओट्यावरचा म्हातारा वैद्य तुम्हाला बोलावतो. "बसा, साईं." सुटलेल्या पोटाकडे तो बघतही नाही. तीन बोटं मनगटावर टेकवून विचारतो, भूक कशी लागते? घाम? झोप?

"जेवलो की तासाभरात पुन्हा भूक."

तो मान डोलावतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय त्याला पाठ आहे. मेदाने स्रोतसं अडली की कोठ्यात कोंडलेला वायू अग्नी चेतवत राहतो, म्हणून लठ्ठ माणसाला भूक जास्त. उपाशी ठेवलंत तर वणव्याने रान जळावं तसा तो अग्नी त्यालाच जाळेल. म्हणून अन्न द्यायचं ते जड, पण अंगी न लागणारं: जव, कुळीथ, मूग, आवळा, वर मधाचं पाणी. झोप कमी, चालणं जास्त, दोन्ही हळूहळू. माणसाला उपाशी न मारता बारीक करायची ही युक्ती मला फार मोठी वाटते.

तुमच्या पिशवीत मात्र वजन उतरवणाऱ्या 'कोरियन' चहाचं पाकीट आहे. त्याच्या मागावर आणखी पन्नास वर्षं मागे जा, कोरियातल्या हामहुंग गावी. इथे ली जे-मा रोगी तपासतो. १८९४ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात त्याने माणसांच्या चार प्रकृती मांडल्या. त्यातली थेऊम प्रकृती अंगाने भरणारी; तिला घाम मोकळा आला की तब्येत ठीक. तिच्या काढ्यात सुकं चेस्टनट, मुळ्याचं बी आणि माहुआंग, म्हणजे एफेड्रा. कोरियात वजनासाठी हा काढा आजही देतात, पण वैद्य तपासून देतो. माहुआंगमधलं एफेड्रिन छातीत धडधड आणतं, रक्तदाब चढवतं; अमेरिकेने २००४ साली एफेड्राच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

पाकिटाने तुम्हाला काहीच विचारलेलं नाही. ते उलटं करा आणि बारीक अक्षरांत माहुआंग, एफेड्रा, सोमलता यांपैकी कुठलं नाव आहे का बघा. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते फोडूच नका.