वाड्याची जुनी लाकडी खिडकी: काढायची की दुरुस्त करायची?

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या गावठाणांत माळवदाचे वाडे आजही दिसतात. दुरुस्ती निघाली की अनेकदा सागवानी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली जाते. पण दोन सरकत्या काचांची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. झडपांची खिडकी पूर्ण उघडते आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे गेला की बंद झडपा ऊन बाहेरच अडवतात.

खिडकी खराब का होते?

मुख्य कारण पाणी. माळवद गळतं, ओल भिंतीतून चौकटीत उतरते, लाकूड कुजतं आणि वाळवी लागते. सागाचा गाभा सहसा टिकतो, कडेचं फिकट लाकूड आधी जातं. म्हणून सुरुवात गळती थांबवण्यापासून करा.

दुरुस्ती कशी करतात?

• टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा जोड द्या.
• चौकटीभोवती सिमेंट नको, चुना वापरा. सिमेंट ओल कोंडून ठेवतं.
• शेवटी जवसाच्या तेलाचा हात द्या. तेलाच्या चिंध्यांचा ढीग ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात.

हे विसरू नका

जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. त्यामुळे रंग कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.