किरमिजी किडा आणि फड्या निवडुंग

दख्खनमधील एखाद्या जुन्या गावठाणाबाहेर फड्या निवडुंगाचे बेट दिसले म्हणजे हे झाड येथील मातीइतकेच पुरातन असावे, अशी पाहणाराची सहज समजूत होते. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही हा प्रश्न विचारला असता दहांपैकी आठ जण ते झाड देशी आहे असेच सांगतात. वास्तविक ज्यास आपले प्राचीन ग्रंथ स्नुही म्हणतात, ते थोराचे झाड अगदी निराळ्या कुळातील आहे. त्याची फांदी मोडली की पांढरा चीक वाहू लागतो; फड्या निवडुंगाची फणी मोडली तर तसा चीक निघत नाही. एवढ्या एका खुणेवरून हे दोन परके आहेत हे कोणासही ओळखता येईल. झाडावर वाढणारी एक लहानशी जात वगळली तर कॅक्टस कुळातील यच्चयावत वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील होत. तेव्हा कोलंबसाने १४९२ मध्ये ते खंड युरोपास दाखविण्यापूर्वी आपल्या पूर्वजांपैकी कोणीही फड्या निवडुंग पाहिलेला नव्हता, हे उघड आहे. मग हा पाहुणा येथे आला कसा, माजला कशाने आणि पुढे ओसरला कोणामुळे? ह्या प्रश्नांचे उत्तर व्यापार, लोभ, अज्ञान आणि शास्त्र ह्या चारही गोष्टींशी गुंतलेले आहे, म्हणूनच ते सांगण्याजोगे आहे.

ह्या कथेचा आरंभ एका रंगापासून होतो. किरमिजी हा शब्द आपल्या भाषेत फारसीमार्गे आला. पूर्वी भूमध्य समुद्राच्या आसपासच्या ओक वृक्षांवरील एका किड्यापासून हा तांबडा रंग काढीत. पुढे स्पेनने मेक्सिको जिंकला, तेव्हा तेथील लोक निवडुंगावर पोसलेल्या दुसऱ्याच एका किड्यापासून याहून कितीतरी तेजस्वी रंग काढतात असे जेत्यांच्या नजरेस आले. वाळविलेले सुमारे ७० हजार किडे तेव्हा कोठे एक पौंड माल भरे; पण त्या मालास युरोपात मोल फार येई. स्पेनने ह्या व्यापाराचा मक्ता शतकानुशतके आपल्या मुठीत ठेवला, आणि तो दाणा बीज आहे की प्राणी आहे, ह्याविषयी देखील बाहेरच्या विद्वानांत दीर्घकाळ वाद चालू राहिला. १७७७ मध्ये थिएरी द मेनोनव्हिल नामक फ्रेंच गृहस्थाने मेक्सिकोतून निवडुंगासह हे किडे चोरून आपल्या वसाहतीत नेले. तेव्हापासून प्रत्येक दर्यावर्दी राष्ट्रास आपणही असेच करावे अशी हाव सुटली.

ईस्ट इंडिया कंपनी यास अपवाद कशी असणार? तिच्या पलटणींचे डगलेच तांबडे! मद्रास येथील कंपनीचे वैद्य डॉ. जेम्स अँडरसन यांस १७८६ मध्ये तेथील गवतावर तांबडा रस असलेला एक किडा आढळला, आणि हाच तो बहुमोल किडा असावा अशा उत्साहाने त्यांनी लंडनमधील सर जोसेफ बँक्स यांस पत्रांमागून पत्रे धाडली. तो किडा रंगाच्या कामी निरुपयोगी ठरला. तथापि कंपनीचा लोभ जागा झाला तो झालाच. मद्रासजवळ सैदापेठ येथे खास निवडुंगाची बाग लावण्यात आली. आता केवळ किडा यावयाचा अवकाश होता. तो १७९५ मध्ये आला. कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलमधील रिओ दि जानेरो बंदरातून काही किडे निवडुंगासह कलकत्त्यास आणले, आणि मग ते मोठ्या ममतेने ठिकठिकाणी वाटण्यात आले.

येथेच पहिली चूक झाली. आणलेला किडा मेक्सिकोतील पाळीव किडा नव्हे, तर त्याचा रानटी भाऊबंद होता. त्याचा रंग हलका आणि भूक मात्र दांडगी. त्याने कंपनीची तिजोरी तर भरली नाहीच, उलट ज्या निवडुंगावर त्यास पोसावयाचे होते तो निवडुंगच खाऊन फस्त केला. उत्तर व मध्य हिंदुस्थानात पसरलेली ओपन्शिया मोनॅकॅन्था ही जात त्याच्यापुढे नाहीशी होत चालली. धंदा बुडाला, पण त्या बुडालेल्या धंद्यातून एक नवीच गोष्ट चतुरांच्या ध्यानात आली. निवडुंगाचा नायनाट करण्याच्या उद्देशाने हाच किडा १८३६ ते १८३८ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानात मुद्दाम नेण्यात आला, आणि पुढे सिंहलद्वीपातही पोहोचला. माजलेल्या तणावर त्याचा स्वाभाविक शत्रू जाणूनबुजून सोडण्याचा जगातील हा पहिला नमूद प्रयोग मानतात, व तो आपल्या देशात झालेला आहे. मौज अशी की, ब्राझीलहून हिंदुस्थानात आणि येथून सिंहलद्वीपात गेलेल्या ह्या किड्यास शास्त्रज्ञांनी पुढे नाव दिले ते डॅक्टिलोपियस सिलोनिकस, म्हणजे सिलोनचा!

परंतु ह्या विजयाचा आनंद फार काळ टिकला नाही. एक निवडुंग गेला, त्याच्या जागी दुसरा आला. दख्खन व मद्रास इलाख्यात जो माजला तो ओपन्शिया डिलेनाय ह्या जातीचा होता. सामान्य माणसास दोन्ही फडेच. किड्यास मात्र त्यांतील भेद पक्का ठाऊक होता, आणि सिलोनिकस दुसऱ्या जातीस तोंड लावीना. शेताच्या कुंपणासाठी लावलेली फणी मोडून पडली तरी तिला मुळे फुटत. पिकलेली बोंडे खाऊन पाखरे व जनावरे बी दूरवर नेत. पाहता पाहता गायराने, ओढ्यांचे काठ व गावांच्या वेशी ह्या झाडाने व्यापल्या. साप, उंदीर यांस ती वसतिस्थाने झाली. दुष्काळात ह्याच फण्यांचे काटे भाजून त्या गुरांस चारण्याची वेळ आली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

ह्या दुसऱ्या जातीवर उपाय सापडावयास विसावे शतक उजाडावे लागले. सिंहलद्वीपातून १९२६ मध्ये दक्षिण हिंदुस्थानात त्याच कुळातील दुसरा किडा आणला, आणि पाच-सहा वर्षांत निवडुंगाची मोठमोठी राने कोलमडली. शेतकऱ्यांस कुऱ्हाडीने व विस्तवाने जे साधले नव्हते, ते कापसाच्या बोंडासारख्या पांढऱ्या आवरणात दडलेल्या ह्या क्षुद्र जीवाने साधले. ह्या किड्याची ओळखदेखील प्रथम चुकलीच होती. त्यावेळच्या कागदपत्रांत तो टोमेंटोसस ह्या नावाने वावरतो. तो वस्तुत: डॅक्टिलोपियस ओपन्शी होय असा निर्णय पुढे झाला.

ऑस्ट्रेलियाची हकीकत आमच्याशी जुळी आहे. तेथेही गव्हर्नर फिलिप यांच्या पहिल्या आरमाराने १७८८ मध्ये रिओ बंदरातूनच आणि किरमिजी रंगाच्याच आशेने निवडुंग नेला होता. मागाहून आलेल्या दुसऱ्या जातींनी तर कहर केला, आणि १९२५ च्या सुमारास जवळजवळ ६ कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली. तेथील सरकारने १९१२ ते १९१४ या काळात एक मंडळ देशोदेशी हिंडविले. ते आपल्याकडेही येऊन गेले. अखेरीस अर्जेंटिनातील कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाच्या अळ्यांनी १९२५ नंतर आठ-दहा वर्षांत तो मुलूख मोकळा केला. त्या किड्याच्या नावाने क्वीन्सलंडमध्ये लोकांनी एक स्मारक-सभागृह उभारले आहे.

तथापि ह्या यशाने हुरळून जाणे शहाणपणाचे नव्हे. मादागास्कर बेटाच्या दक्षिण भागात गुरे राखणारे लोक निवडुंगावरच जगत. दुष्काळात त्यांच्या गुरांचे पाणी व चारा तोच होता, आणि त्याची बोंडे माणसेही खात. फ्रेंच अमदानीत १९२० नंतरच्या दशकात तेथे किरमिजी वर्गातील किडा आणण्यात आला. थोड्याच वर्षांत निवडुंग नष्ट झाला, गुरे मेली आणि माणसे अन्नान्न करीत देशोधडीस लागली. एकच वनस्पती एका देशात तण, दुसऱ्यात अन्न! कोणती वनस्पती उपद्रवी हा निवाडा केवळ तिच्या कुळावरून करता येत नाही. ती कोठे, किती आणि कोणाच्या उपयोगाची आहे, हेही पाहावे लागते. अन्यथा परकीय तेवढे उपटून टाका म्हणणारास मिरची, बटाटा, मका, पेरू व सीताफळ ह्यांसही निरोप द्यावा लागेल, आणि दसऱ्याच्या तोरणास झेंडूही मिळणार नाही; कारण ही सारी मंडळी अमेरिकेचीच आहेत.

उलट घाणेरीकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कलकत्त्याच्या सरकारी बागेत शोभेचे झुडूप म्हणून तिला स्थान मिळाले. बुलबुलादी पाखरांनी तिची काळी फळे खाऊन बी सर्वत्र पेरले. आज सह्याद्रीच्या उतारांवर तिच्या जाळीखाली देशी रोपांस उजेडही मिळत नाही. तिच्यावर सोडण्यासाठी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक ढेकूणवर्गीय किडा डेहराडूनच्या संशोधन संस्थेत आणला होता. तो सागाच्या फुलोऱ्यासही तोंड लावतो असे परीक्षेत आढळल्याने त्यांची पैदास नष्ट करण्याचे ठरले. पण काही किडे निसटलेच. सुदैवाने सागाचे नुकसान झाले नाही, परंतु घाणेरीही मेली नाही.

तीच गोष्ट गाजर गवताची. अमेरिकेच्या पी. एल. ४८० गव्हातून ते येथे आले, असे आज घरोघर सांगतात. हा गहू देण्याविषयीचा करार १९५६ च्या ऑगस्टमध्ये झाला. आणि पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ही वनस्पती प्रा. परांजपे यांस १९५१ मध्येच दिसल्याची नोंद आहे. रॉक्सबर्ग यांच्या १८१४ मधील कलकत्ता बागेच्या यादीतही तिचे नाव असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. पुढील गव्हाबरोबर आणखी बी आले असेल, नाही असे नाही; पण आरंभाचा दोष त्या करारावर ठेवता येत नाही. लोकप्रवाद एका बाजूस व तारीखवार नमुना दुसऱ्या बाजूस असला, तर विश्वास कोणावर ठेवावा हे इतिहासाच्या अभ्यासकास सांगणे नको.

ह्या सर्व हकीकतींतून आमच्या मते एकच तात्पर्य निघते. प्रत्येक वेळी मनुष्याने वनस्पती स्वहस्ते आणली किंवा बेसावधपणे येऊ दिली, आणि उपाय फळाला आला की फसला, हे जातीची अचूक ओळख झाली की नाही यावर फार अंशी अवलंबून राहिले. मोनॅकॅन्था व डिलेनाय ह्यांतील भेद सांगणारा मनुष्य त्याकाळी फारसा कोणास महत्त्वाचा वाटला नसेल. लाखो एकरांचा प्रश्न मात्र त्या भेदावर टांगलेला होता. आज पदव्युत्तर अभ्यासास येणारा बुद्धिमान विद्यार्थी पेशी व रेणू ह्यांकडे वळतो. ती विद्याही थोर आहे. परंतु रानात जाऊन वनस्पती ओळखणे, तिचा नमुना दाबून, वाळवून, स्थळ व तारीख घालून जपणे, चौरस आखून त्यातील रोपे मोजणे, हे काम जुनाट समजले जाते, आणि शुष्क वनस्पतींचे संग्रह धुळीत पडतात. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला नसता, तर कोणत्या टेकडीवर त्यावेळी काय होते व आज काय उरले आहे, हे ताडून पाहण्यास आपल्यापाशी साधन कोणते राहिले असते?

कासच्या पठारावरील फुले पाहावयास प्रतिवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे जातात. त्या पातळ मातीच्या थरावर उगवणाऱ्या कित्येक जाती जगात सह्याद्रीखेरीज अन्यत्र नाहीत. रस्त्याच्या कडेने, वाहनांच्या चाकांबरोबर आणि खडीच्या ढिगांतून परके बी तेथवर पोहोचणे अशक्य नाही. ते आले हे पहिल्याच वर्षी कळले तर दोन मजुरांचे काम आहे; दहाव्या वर्षी कळले तर ते सरकारलाही भारी पडते. पहिल्या वर्षी ते ओळखणारा डोळा महाविद्यालयांतूनच तयार व्हावयाचा आहे. सबब आपला मुलगा किंवा मुलगी हा अभ्यास घेऊ म्हणेल, तर त्यात पोट भरेल काय, एवढाच प्रश्न विचारून पालकांनी त्यांस परतवू नये, आणि विद्यापीठांनीही त्यांच्या पोटाची सोय पाहावी, एवढेच आमचे मागणे आहे.