टर्बोचा कान कोणी धरायचा?

मंडळी, आजचा विषय थोडा तेलकट आहे. बाजारात इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर नावाचा एक डबा मिळतो. छान डिस्प्ले, दोन बटणं, दाबली की गाडी पळायला लागते म्हणे. अमरावतीच्या एका मित्राने जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली आणि मला विचारलं, "कोणता डबा लावू सांग ना भाऊ." ह्याचं उत्तर कॅटलॉगपेक्षा इतिहासात नीट सापडतं, म्हणून हा लेख.

आधी प्राथमिक गोष्ट. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर टर्बाइन फिरतं, ते कॉम्प्रेसरला फिरवतं आणि इंजिनात जास्त हवा कोंबली जाते. हा वातावरणापेक्षा जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट. तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. ती उघडली की वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातात. ही झडप कधी उघडायची, हे ठरवणं म्हणजे बूस्ट कंट्रोल.

टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली घेतलं. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावर नेलं, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो जोडला आणि आकडा ३५६ झाला! आपल्याकडे चिखलदऱ्याला, ११०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण बारा टक्के कमी असतो. तिथे साधी गाडी दमते, टर्बोची कमी दमते. कारण तेच.

मग दुसरं महायुद्ध. बी-१७ बॉम्बरला चार इंजिनं, चार टर्बो आणि पायलटपुढे चार दांडे. तेलावर चालणारे रेग्युलेटर उंचावरच्या थंडीत आळशी व्हायचे, कारण तेलच घट्ट व्हायचं. १९४३ च्या सुमारास मिनियापोलिस-हनीवेलचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला. व्हॅक्यूम ट्यूबचा अँप्लिफायर, वेस्टगेट फिरवणारी मोटर आणि चारही इंजिनांसाठी एकच नॉब. आपल्या डब्याचा आजोबा तो हाच. पण त्याला ऐकू यायचा तो मुख्यतः दाब.

मोटारीत दुखणं वेगळं होतं. हवा दाबली की तापते, आणि फार तापली की पेट्रोल ठिणगीनंतर नीट जळण्याऐवजी मध्येच भडकतं. हेच नॉकिंग. पिस्टन फोडायला एवढं पुरतं. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये ह्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायचे. टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून बूस्ट कमी करायची. लोक टाकी भरायला विसरायचे, तो भाग वेगळा!

खरी उडी मारली स्वीडनच्या साबने, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. पेर गिलब्रांड ह्यांच्या टीमच्या एपीसी सिस्टिममध्ये इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर होता. इंजिन कुरकुरलं की इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्हला सांगणार आणि बूस्ट खाली. म्हणजे आता दाबाबरोबर इंजिनाचंही ऐकणं सुरू झालं. पेट्रोल हलकं मिळालं तरी गाडी स्वतःला सांभाळणार.

आता मित्राच्या गाडीकडे येऊ. ही १.८ लिटर टर्बो पेट्रोल ऑक्टाव्हिया २००४ मध्ये आपल्याकडे आली, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यातून. तिच्या ईसीयूकडे नॉक सेन्सर आहे, हवेचं तापमान कळतं आणि वेस्टगेटचा इलेक्ट्रिक व्हॉल्व्हही त्याच्याच ताब्यात आहे. म्हणजे बूस्ट कंट्रोलर गाडीत आधीपासूनच आहे! बाहेरून फक्त दाब ऐकणारा डबा लावला, तर आपण पैसे देऊन १९४३ मध्ये परत जातो.

वऱ्हाडात हे महागात पडतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ४५ अंशांची हवा ०.७ बार बूस्टने दाबली, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर इंटरकूलरच्या आधी ती १२० अंशांच्या आसपास पोचते. पुण्याच्या थंडीत, १५ अंशांना, हाच आकडा ८० च्या थोडा वर येतो. डिसेंबरात जमलेली सेटिंग मे महिन्यात चालेलच असं नाही.

म्हणून माझं मत असं. ईसीयूकडे नॉक सेन्सर असेल, तर डबा नको. डायनोवर, आपल्याच पंपावरच्या पेट्रोलवर, जाणकाराकडून ईसीयूचं ट्यूनिंग करून घ्यावं. गाडी जुनी असेल, ईसीयू बूस्टकडे बघतच नसेल, तरच कंट्रोलर. तोसुद्धा स्वतः दाब मोजून सतत दुरुस्ती करणारा, आणि ठरवलेल्या मर्यादेवर बूस्ट तोडणारा. वायर तुटली तर बूस्ट वेस्टगेटच्या स्प्रिंगच्या दाबावर उतरेल अशीच जोडणी हवी. आणि वेस्टगेटची नळी निसटली तर बूस्ट कमी होत नाही, उलट बेलगाम वाढतो, एवढं लक्षात ठेवा.

दुकानदाराला "किती वाढवतो?" हे सगळेच विचारतात. "कधी थांबतो, आणि कोणाचं ऐकून?" हे विचारा. उत्तर आलं नाही, तर पैसे चांगल्या इंटरकूलरसाठी ठेवा.